धुरावरचा लॅपटॉप

१ फेब्रुवारी २००९, रविवार. आरमोरी

लॅपटॉप गेला. आज दुरुस्तीचं दुकान बंद असूनही माझ्या धाकट्या भावाने, नदीमने, तो खोलून पाहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं : "आपा, ये कंप्यूटर है के तवा?"

आतून सगळा काळा. छोट्या पंख्याच्या पात्यांवर काजळीचा थर. नदीमने तो बोटाने खरवडला आणि माझ्या नाकाला लावला. मी चव्वेचाळीस वर्षांची, तो अडतीसचा, दोन मुलांचा बाप. शहजादी दारात उभी राहून हसत होती. नवऱ्याला आवरायचं सोडून म्हणते, "आपा, दुसऱ्या बाजूलापण लावून घ्या, जोडीला बरं दिसेल."

दीपिका सोबत होती, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. बेहडाटोला गावात संस्थेने दिलेला हा लॅपटॉप तीच चालवते. नदीमने तिला विचारलं, "ठेवत कुठी होता तुम्ही हा?"

"धुरावर," ती म्हणाली, जणू तो आणखी कुठे ठेवतात?

पुढच्या वर्षाचं बियाणं, मक्याची कणसं, दोडक्याच्या बिया, हे सगळं गावात टोपलीत घालून चुलीच्या वर आढ्याला टांगतात. धूर लागला की कीड लागत नाही. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपच्या पिशवीत मुंग्या निघाल्या. तेव्हा सभेने ठरवलं की गावात जे सगळ्यांत जपायचं असतं ते जिथे राहतं, तिथेच हाही राहील. मग सभा चालवणाऱ्या झाडूभाऊंच्या चुलीवर चार महिने. मुंग्या खरंच लागल्या नाहीत.

मला हे माहीत होतं का? पिशवी आढ्याला टांगलेली मी दोनदा पाहिली होती. उंदरांपासून जपतात असं मी समजले. खाली चूल होती, तीही दिसत होती. विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण गावाने ठरवलेल्यात मी पडत नाही. हा नियम चांगला की सोयीचा, हे आज काजळी पुसताना मनात आलं.

डिस्क शाबूत आहे, हे नशीब. गावाच्या जंगलाच्या सामूहिक हक्काचा दावा तिच्यात आहे. कुठला नाला, कुठलं देवस्थान, कोण कुठून बांबू आणायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे सगळे जबाब. निम्मे टाइप झालेत, निम्मे वहीत आहेत. ३१ मार्चच्या आत दावा उपविभागीय कार्यालयात द्यायचा. त्यानंतर सगळे साहेब निवडणुकीच्या कामाला लागतील. प्रत्येक जबाब म्हाताऱ्यांना परत वाचून दाखवायचा, ते चुका काढणार, त्या सुधारायच्या. हे काम आरमोरीच्या दुकानात बसून होणार नाही. लॅपटॉप गावातच हवा.

४ फेब्रुवारी, बुधवार. बेहडाटोला

गोटूलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सभा झाली. नवा लॅपटॉप घ्यायचा आणि संस्थेकडे मागायचा नाही, गावाच्या पैशाने घ्यायचा, हे तासाभरात ठरलं. झाडूभाऊ म्हणाले, "मांगून आनलेल्या कुऱ्हाडीले कोनी धार लावत नाई. आपली असली का मग माणूस जपते."

"आपली असती तर चुलीवर टांगली असती का?" मागून कोणीतरी बोललं. झाडूभाऊंनी मानच वळवली नाही.

कोणता घ्यायचा, हे मात्र मी माहिती काढून आणायची. मग सगळे ठरवतील. सगळे म्हणजे सगळेच. या गावात हात वर करून मोजणी होत नाही. एक माणूस जरी राजी नसला तरी विषय पुढच्या बुधवारी जातो. मोजून ठरवलं की हरलेला माणूस घरी जाऊन बसतो आणि कामाला येत नाही, असं झाडूभाऊंचं म्हणणं. पाच वर्षं मी कोपऱ्यात बसून हे ठराव लिहिते आहे. संस्थेत लागले तेव्हा पहिल्याच शिबिरात सांगितलं होतं की गावाला ठरवायला मदत करायची, आपण ठरवायचं नाही. इतर कार्यकर्ते हे विसरतात. मी विसरत नाही.

निघताना झाडूभाऊंनी मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "फूल पडाले लागलं का मंग सभा नाई, बाई. पहाटेपासून सारं गाव जंगलात."

म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत वेळ आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

नागपूरला जाऊन आले. वहीत चौदा प्रश्न लिहून नेले होते. पहिल्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, गेम के लिए चाहिए क्या?"

"वनहक्क दाव्यासाठी," मी म्हटलं.

तो म्हणाला, "उसके लिए तो कोई भी चलेगा."

चौदापैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली. दोन यंत्रं मनात ठेवून परतले. एक मोठं, पडदा छान, पण बॅटरी जेमतेम दोन तास. आणि आपल्याकडे भारनियमन आठ-आठ तासांचं. दुसरं छोटं, दहा इंची, शाळेच्या पाटीएवढं. बॅटरी पाच तास, वजन नाहीच, पण कळा इतक्या बारीक की माझी बोटं दोन-दोन अक्षरं दाबत होती. दुरुस्तीचं विचारलं तर दोन्हीकडे एकच उत्तर : "नागपूर ले आइए."

८ फेब्रुवारी, रविवार

नदीमने सकाळी चहाच्या वेळी एक यंत्र आणून समोर ठेवलं. कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेलं, तीन वर्षं वापरलेलं. दिसायला ठोकळा. पण कळा ऐसपैस, त्यांच्यावर पाणी सांडलं तर खालून वाहून जातं (त्याने खरंच अर्धा पेला ओतून दाखवला, शहजादी ओरडली), बॅटऱ्या दोन आणि आपला मराठी टायपिंगचा फॉन्ट आत्ताच चालतो. तसलीच आणखी दोन त्याच्याकडे पडलेली आहेत, सुट्या भागांसाठी. किंमतही तिन्हींत सगळ्यांत कमी.

गावासाठी हाच योग्य आहे. याबद्दल मला शंका नाही.

यादीत टाकला नाही. कारण उघड आहे. नदीम माझा भाऊ. मी याच घरात वरच्या खोलीत राहते, याच दुकानाच्या कमाईतलं जेवते. गावाने विश्वासाने काम दिलं आणि मी भावाचा माल पुढे केला, असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. कोणी म्हणणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणूनच तर जास्त जपायचं.

११ फेब्रुवारी, बुधवार. बेहडाटोला

दोन्ही यंत्रांची माहिती वाचून दाखवली. जेवढे गुण तेवढेच दोष, दोन्हींना सारखा वेळ. दीपिकाने गोंडीत सांगितलं. प्रश्न आले ते माझ्या चौदांत नव्हते.

"लाईन गेल्यावर किती वेळ जीव राह्यते?"

"लेकरानं वर मुतलं तर?" हा दीपिकाच्या सासूचा.

"बिघडला तर कोनाच्या दारात जाऊन बसाचं?" हा बुधरीबाईचा.

बुधरीबाई साठीच्या पुढची. जंगलाचे सगळ्यांत जास्त जबाब तिचेच. मी सांगितलं की नागपूरला न्यावा लागेल.

"नागपुरात कोनाचं दार?"

"दुकान आहे, बुधरीबाई. मोठं आहे."

"मोठ्या दुकानाले दार नसते," ती म्हणाली. "काच असते." आणि मग एकदम, "तू कोनता घेशील?"

मी म्हटलं माझं मत महत्त्वाचं नाही, गावाचं महत्त्वाचं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला खोटं नाणं दिलंय.

शेवटी झाडूभाऊ म्हणाले, "एक जण रायला. पुढच्या बुधवारी."

ठरावाच्या वहीत लिहिलं : बुधरीबाई अद्याप राजी नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एक लहानशी गोष्ट, पण टोचते आहे. हजेरी दीपिका घेते, काल तिने त्रेसष्ट लिहिली. मी गोटूलात डोकी मोजली होती, बासष्ट. दोनदा मोजली होती. कुणाचं नाव चुकून दोनदा पडलं असेल. दावा सरकारी आहे, उद्या कोणी हजेरीवर बोट ठेवलं तर? दीपिकाला विचारायचं.

१५ फेब्रुवारी, रविवार

नदीमला कळलं. मीच सांगितलं, लपवणं मला जमत नाही. तो प्रिंटरच्या शाईचे डाग कापसाने पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "आपा, मेरा माल चोरी का है क्या?"

मी समजावलं. निःपक्षपातीपणा, विश्वास, सगळं.

"मतलब मी परका असतो तर माझा लॅपटॉप चांगला होता. तुझा भाऊ आहे म्हणून खराब झाला."

"खराब नाही रे. यादीत नाही एवढंच."

शहजादी आतून म्हणाली, "उद्यापासून मीपण तुम्हाला माझ्या हातची बिर्याणी वाढणार नाही, आपा. तुम्ही चांगली म्हणाल आणि लोक म्हणतील, वहिनी आहे म्हणून म्हणाली."

हसून झालं, पण नदीम हसला नाही. लहानपणी शाळेत मी मॉनिटर होते तेव्हा वर्गात बोलणाऱ्यांच्या यादीत सगळ्यांत आधी त्याचं नाव टाकायची, एका वर्गात नसतानाही. मधल्या सुट्टीतून धरून आणून. याची त्यानेच आज आठवण करून दिली. मी विसरले होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार. बेहडाटोला

यावेळी तयारीने गेले. दोन्ही लॅपटॉपच्या अचूक मापाचे पुठ्ठे कापले, त्यांवर कळा काढल्या, आणि वजन कळावं म्हणून दोन पिशव्यांत तंतोतंत तेवढी वाळू भरली. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय? मी वाळू म्हटल्यावर तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

पुठ्ठे सगळ्यांच्या हातांतून फिरले. लोकांनी मनापासून दाबून पाहिले. छोटा पुठ्ठा बुधरीबाईकडे पोचला तो परत आला नाही. तिने सभाभर त्याने वारा घेतला. मोठा दीपिकाच्या लेकीने चावला. "हा मजबूत नाई," तिची सासू म्हणाली.

झाडूभाऊंनी बुधरीबाईला विचारलं. ती म्हणाली, "हिल्ले."

नाही. कारण विचारलं तर, "अजून नाई." बस.

पुन्हा तेच, "एक जण रायला."

परतताना मला राग आला होता आणि रागाची लाज वाटत होती. ज्या पद्धतीचं मी बाहेर कौतुक सांगत फिरते, तिच्यावरच चिडले होते, आणि तेही एका म्हातारीमुळे. दीपिकाला हजेरीचं विचारायचं राहून गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. बेहडाटोला

सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बुधरीबाईकडे गेले. पढवायला नाही, समजून घ्यायला. असं मी बसमध्ये स्वतःला चार वेळा सांगितलं.

ती अंगणात खराटा बांधत बसली होती. शेजारी माझा पुठ्ठा. तिने आधी जेवू घातलं, भात आणि आंबाडीची भाजी. मग मी विचारलं, "बुधरीबाई, तुम्हाला लॅपटॉपच नको आहे का?"

"काऊन नको? माह्या नवऱ्याचा नाला त्याच्यात हाये. पोरीनं वाचून दाखवला तं मी दोन चुका काढल्या. अजून बाकी हाये."

"मग?"

ती खराट्याच्या काड्या जुळवत सांगायला लागली. "माह्यापाशी कुऱ्हाड हाये ना, ते कोरेगावच्या लोहाराची. बाजारात याच्याहून चमकदार भेटते. पन या लोहाराचं घर मले मालूम हाये. त्याची बायको मालूम हाये. दांडा सुटला का मी जाते अन् त्याच्या दारात बसते. तो म्हनते, बुधरे, उद्या ये. मी म्हनते, मी बसली हाये. जोडून देते."

मी वहीत लिहून घेतलं : विक्रीपश्चात सेवेबाबत साशंक.

"तुह्या भावानं तो काळा झालेला लॅपटॉप खोलला ना," ती म्हणाली, "पोरगी सांगत होती. बसून पुरा पुसला म्हने. पैसे नाई घेतले."

"हो. माझा भाऊ आहे तो."

"मालूम हाये," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग विचारलं, "अजून भात घेशील?"

मी नको म्हटलं. बाईचं मन वळवणं कठीण आहे. पण तिचा राग लॅपटॉपवर नाही हे कळलं, एवढं तरी झालं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गाव लग्नाला गेलं, सभा नाही. आणखी एक बुधवार गेला. मोहाची पानं झडली आहेत, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके. मला कधी नव्हे ते झाडाचा राग आला.

४ मार्च, बुधवार. बेहडाटोला

आजचं आजच लिहायला हवं.

झाडूभाऊ उभे राहिले आणि मोठा की छोटा हा विषय त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, "ज्याचं दार आपल्याले मालूम हाये, त्याच्यापासूनच घ्याचा. राजी?" मग एकेकाकडे बघत फिरले. इंगो, इंगो. गोंडीत हो. बायकांकडे, पोरांकडे, दीपिकाकडे. बुधरीबाईपाशी आले तेव्हा मी पेन उचललं.

"इंगो," बुधरीबाई म्हणाली. असं झटकन, जणू महिनाभर तिच्या तोंडात तेच होतं.

मी लिहायला लागले, सर्वानुमते. तेवढ्यात झाडूभाऊ म्हणाले, "एक जण रायला."

मी मान वर केली. कोण? बाहेर कोणी उभं आहे का, म्हणून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग गोटूलाकडे पाहिलं, तर सगळं गोटूल माझ्याकडे पाहत होतं. पहिल्यांदा दीपिकाची सासू हसली. मग सगळेच.

"बाई," झाडूभाऊ म्हणाले, "तीन सभा झाल्या. तुमीच रायल्या."

मी म्हटलं, मी गावातली नाही. मी लिहिणारी.

दीपिकाने हजेरीची वही माझ्या मांडीवर ठेवली. बोट शेवटच्या ओळीवर. त्रेसष्ट : निशात बाई. सहीच्या जागी एक रेघ. मागचं पान, तेच. त्याच्या मागचं. मी पानं उलटत गेले. तीन वर्षांपर्यंत मागे गेले.

"सही काऊन नाही?" माझ्या तोंडून इथलीच भाषा आली.

"तुमी कधी केलीच नाई. म्हून मी रेघ मारते."

मी मोजत होते आणि डोकी बासष्टच येत होती. दोनदा मोजली होती.

मी नियमाला धरून बोलले. "मी नाही म्हटलं तर?"

"तं पुढच्या बुधवारी बसू," झाडूभाऊ म्हणाले. "पन मोह थांबनार नाई."

"तिनं अजून सांगितलंच नाई ना कोनता," बुधरीबाई म्हणाली. "मी तं पयल्या दिवशीच इचारलं."

मग मी सांगितलं. आधी दोष. जुना आहे, तीन वर्षं वापरलेला, जड आहे, दिसायला ठोकळा. विकणारा माझा सख्खा भाऊ. त्यात त्याला फायदा आहे आणि त्या फायद्यातलं मी जेवते. हे सगळं वहीत नोंदवावं अशी माझी विनंती आहे. म्हणून मी यादीत टाकला नव्हता. आणि मग गुण. पाण्याचं सांगितलं तेव्हा दीपिकाच्या सासूने मान डोलवली.

"होऊ दे ना त्याले फायदा," बुधरीबाई म्हणाली. "उपाशी लोहार कोनाची कुऱ्हाड जोडते?"

झाडूभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले, सगळ्यांसमोर राहतात तसे. "राजी?"

"इंगो," मी म्हटलं. उच्चार चुकला असावा, कारण पोरं अजून माझी नक्कल करत आहेत.

रेघेवरच सही केली. त्रेसष्ट.

५ मार्च, गुरुवार

नदीमला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे." मग दुकानात जाऊन बॅटऱ्या पुन्हा तपासल्या. जेवताना म्हणाला, "ठीक आहे." झोपायला जाताना जिन्यावरून पुन्हा, "ठीक आहे, आपा." शहजादी म्हणते, थोरल्याचा दहावीचा निकाल लागला तेव्हा असाच करत होता.

मी त्याला सांगितलं की पक्कं बिल हवं, हमीचा कागद हवा, आणि दोष मी लिहून दिलेत त्या क्रमाने लिहून हवेत. तो म्हणाला, मॉनिटर ती मॉनिटरच.

मनात एक प्रश्न राहतो. बुधरीबाईने 'हिल्ले' म्हटलं ते माझ्यासाठी अडवून धरलं होतं, की तिला खरंच दाराची काळजी होती? विचारलं तर ती भात वाढेल.

८ मार्च, रविवार. बेहडाटोला

नदीम स्वतः लॅपटॉप घेऊन गावात आला. त्याला गोटूलाच्या मधोमध बसवलं. मी पाच वर्षं कोपऱ्यात आणि हा पहिल्या दिवशी मधोमध.

त्याने पाण्याचा पेला मागितला आणि कळांवर ओतला. सभा ओरडली, मग गप्प झाली, मग लॅपटॉप चालू आहे हे पाहून पुन्हा ओरडली. त्याला तीन वेळा करावं लागलं. चौथ्यांदा त्याने हात जोडले.

मग सगळ्यांत मोठा प्रश्न. ठेवायचा कुठे? नदीम उभा राहिला. "भाऊ, कुठीही ठेवा. पेटीत, फळीवर, डोक्यावर घेऊन झोपा. फक्त धूर नाई."

"पन कीड?" झाडूभाऊ.

"याला कीड लागली तर धूर नाई, मला बोलवा."

बुधरीबाईने त्याचं दार कुठे आहे ते नीट विचारून घेतलं. बसस्थानकातून उजवीकडे, मशिदीच्या आधी, निळं शटर. "बिघडला तं येऊन बसू," ती म्हणाली. "पुरं गाव."

"या ना," नदीम म्हणाला. त्याला वाटलं, बोलायची रीत आहे.

लॅपटॉप आता दीपिकाच्या घरी पत्र्याच्या पेटीत, वर सुती लुगडं. चुलीपासून चौदा पावलं. मी मोजली.

१९ मार्च, गुरुवार. बेहडाटोला

मोह पडतो आहे. सगळं गाव पहाटे जंगलात, दुपारी अंगणभर फुलं वाळत घातलेली, हवेत तो गोड जड वास. फुलं पसरून झाली की एकेक म्हातारा दीपिकाच्या ओसरीवर येतो. ती वाचते, ते चुका काढतात, ती कळा बडवते. लाईन सकाळपासून नाही. दुसरी बॅटरी लावली. बुधरीबाईने आज नाल्यातली तिसरी चूक काढली. "तो जांभळीच्या खालून नाई वाहात, वरून वाहाते." एका शब्दाने गावाची हद्द दोन शेतांएवढी सरकली. हे वहीतच राहिलं असतं तर?

सत्तावीस जबाब झाले. चार राहिले.

३० मार्च, सोमवार

दावा दिला. पोच मिळाली, शिक्क्यासह. दीपिकाने ती लेकीच्या हाताला लागू न देता पिशवीत ठेवली.

गावातली माणसं ट्रॅक्टरने आली होती. परतताना झाडूभाऊ चालकाला म्हणाले, आरमोरीवरून घे. मला वाटलं बाजार करायचा असेल. ट्रॅक्टर बसस्थानकातून उजवीकडे वळला, मशिदीच्या आधी थांबला, आणि सगळे उतरून निळ्या शटरसमोर पायरीवर, ओट्यावर, रस्त्याच्या कडेला बसले. बुधरीबाई बरोबर दारात.

नदीम धावत बाहेर आला. चेहरा पांढरा. "काय झालं? बिघडला?"

"नाई," बुधरीबाई म्हणाली. "चांगला चालून राह्यला. दार पाहाले आलो."

तिने चौकटीवर हात फिरवला, पायरीवर जरा सरकून बसून पाहिलं, आणि झाडूभाऊंना म्हणाली, "बसता येते."

नदीमला हसावं की काय करावं कळेना. दुकानातली गिऱ्हाईकं माना उंच करून बघत होती. तो आत जाऊन खुर्च्या आणायला लागला. कोणी बसलं नाही. मग तोही पायरीवर बुधरीबाईशेजारी बसला आणि ती त्याला सांगायला लागली की कोरेगावचा लोहार कसा उद्या ये म्हणतो.

शहजादी आतल्या दारातून मला खुणावत होती. मोठं पातेलं चुलीवर चढलेलं होतं. "आपा, कितने कप?"

मी दारात उभी राहून मोजले. ओट्यावर नऊ, पायरीवर पाच, रस्त्याच्या कडेला अकरा, ट्रॅक्टरवर चालक एक. सव्वीस.

"सव्वीस," मी आत ओरडले. मग पुन्हा मोजले.

"सत्तावीस, शहजादी."